दोरीच्या दोन्ही बाजूंची मिरी

ईशान, सई, मागे एकदा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, केरळात काय पाहिलंस?" आणि मी "हत्ती पाहिला" एवढं सांगून फोन आजोबांकडे दिला. हत्ती पाहिला हे खरंच आहे. पण तेव्हा शेजारी तुमच्या आत्याआजी बसल्या होत्या, आणि त्यांच्यासमोर बाकीचं सांगायला माझी जीभ वळेना. आता त्या होटगीला परत गेल्या आहेत आणि त्यांनीच निरोप धाडलाय, "पोरांना समदं लिवा वैनी, काय दडवू नगा." म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

ही सहल काढली पल्लवीने. ती कॉलेजातली माझी विद्यार्थिनी. नवी पेठेत तिच्या वडिलांचं कापडाचं दुकान आहे, त्याच्या माळ्यावर तिने सहलींचं ऑफिस थाटलंय. तिचा बेत असा, की सकाळी डोंगर, नदी, जंगल असं काहीतरी धाडसाचं करायचं आणि राहायचं मात्र शेतकऱ्यांच्या घरी. हे शेतकरी एका फेअर ट्रेड सोसायटीचे सभासद. म्हणजे तुमच्यासारखी दूरदेशची गिऱ्हाइकं त्यांची मिरी किंवा कॉफी घेतात, तेव्हा बाजार पडला तरी शेतकऱ्याला आधी ठरलेला रास्त भाव मिळतो. या सोसायटीत त्याबदल्यात शेतकऱ्याने औषध फवारायचं नाही, मजुरांना नीट वागवायचं, आणि पाकिटातला माल कुठल्या शेतातला, हे विचारल्यावर सांगता आलं पाहिजे. हे शेवटचं कलम लक्षात असू द्या.

आजोबांचा गुडघा चढउताराला तयार नव्हता. "तू जा, मी दूध तापवून घेईन," असं ते म्हणाले. दूध तीनदा उतू गेलं हे मला आल्यावर ओट्यावरून कळलं. मग बरोबर कोण, म्हणून मी विमलवन्संना फोन केला. वन्सं म्हणजे आजोबांची थोरली बहीण. होटगीला शेती, घरात सुना-नातवंडं, आणि उभ्या आयुष्यात देवदर्शनाशिवाय कुठे गेलेल्या नाहीत.

"तितं देव कुटला हाय?" त्यांनी विचारलं.

देव नाही, मिरीची शेतं आहेत, मी म्हटलं. मग म्हणाल्या, "रोज हातात असती, पन कुटल्या झाडाला लागती त्ये काय म्हाईत न्हाई. येते."

आम्ही सगळे बाराजण. त्यांतले अंबादासराव तुम्हाला माहीत असलेले बरे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्यांचा टॉवेलचा कारखाना आहे. घरात तेलुगू, बाहेर खणखणीत सोलापुरी मराठी, गळ्यात स्वतःच्या कारखान्याचा टॉवेल. भेटेल त्यालाही एक टॉवेल भेट. बेंगळुरूपर्यंत रेल्वे आणि पुढे बसने घाट, तेवढ्यात ड्रायव्हरपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांच्या गळ्यात सोलापूर आलं होतं.

हत्ती

वायनाडला पोचल्यावर पहिल्या सकाळी डोंगर होता. पुढे राजन नावाचा वाटाड्या, मागे आम्ही एका रांगेत. मार्चचा पहिला आठवडा, आपल्याकडे एव्हाना डांबर मऊ व्हायला लागतं. इथे झाडांखाली ओल होती आणि हवा अंगाला चिकटत होती. एका ओढ्यापाशी राजनने एकदम हात वर केला. पायवाटेवर हत्तीची लीद पडली होती, ताजी. तिच्यातून वाफ निघत होती.

ओढ्यापलीकडे बांबूचं बेट हललं आणि त्यातून एक राखाडी भिंत बाहेर आली. मी प्राणिसंग्रहालयातले हत्ती पाहिलेत, देवळातले पाहिलेत. त्यांना साखळी असते. याच्या आणि आमच्यामध्ये घोट्याएवढं पाणी होतं. राजनने खाली बसायची खूण केली. आम्ही बसलो. हत्ती बांबू मोडून खात होता, त्याचा कडाकडा आवाज छातीत ऐकू येत होता.

आणि अंबादासरावांचा फोन वाजला. साधासुधा नाही, सनई-चौघडा.

हत्तीचे कान पसरले. तो वळला. अंबादासरावांनी घाईत भलतंच बटण दाबलं, फोन बंद व्हायच्या ऐवजी सुरू झाला, आणि त्या जंगलात कारखान्यातला मुकादम ओरडून सांगू लागला की सात नंबरची मशीन बंद पडली आहे. राजनने फोन हिसकावून मांडीखाली दाबला. हत्ती एक पाऊल पाण्यात आला. मी वन्संचा हात धरला होता की त्यांनी माझा, आठवत नाही. तो बराच वेळ आमच्याकडे बघत उभा राहिला. मग त्याने सोंडेने पाणी घेतलं, पाठीवर उडवलं आणि आल्या वाटेने बांबूत शिरला.

कुणीच उठेना. शेवटी वन्सं हळूच म्हणाल्या, "अंबादासराव, त्येला बी एक टावेल द्यायचा की."

उतरताना वन्संचा पाय मुरगळला. अंबादासरावांचा पाय नीट होता, पण त्यांनी जाहीर केलं की उद्याच्या नदीच्या कार्यक्रमाला आपण येणार नाही. त्यांच्या मिसेस म्हणाल्या, "तुम्ही घरीच थांबा. मशीनशी बोला."

लीलाम्माचं अंगण

आमचा मुक्काम लीलाम्माकडे होता. पन्नाशीची, बुटकी, वाऱ्यासारखी चालणारी बाई. नवरा वारलेला, मुलगी परदेशात नर्स. मोडकं इंग्रजी आणि त्याहून मोडकं हिंदी बोलायची, त्यामुळे दुभाषेपण माझ्याकडे आलं. घर डोंगराच्या उतारावर, आणि घराभोवती मिरी. आपल्याकडे द्राक्षाचा वेल मांडवावर जातो. इथे मिरीचा वेल फणसावर, आंब्यावर, मिळेल त्या झाडावर सरळ उभा चढतो. ती तोडायला शिडी म्हणजे एकच लांब बांबू, त्याच्या पेरांवर पाय ठेवायला खुंट. हिरव्या दाण्यांचे घोस वरून लोंबतात, बोटभर लांब. ते उतरवून दाणे सुटे करायचे आणि उन्हात घालायचे. दोन-तीन दिवसांत हिरव्याची काळी मिरी होते. मी साठ वर्षं मिरी वाटली, पण ती आधी हिरवी असते हे मला पुस्तकातून माहीत होतं, डोळ्यांनी नाही.

अंगणात दोन वाळवणं होती. पायरीजवळ बांबूच्या चटयांवर लीलाम्माची मिरी. त्यापलीकडे निळ्या ताडपत्रीवर शेजारच्या सूसीची. सूसीच्या घराचं काम चाललं होतं, तिच्या अंगणात वाळू आणि खडीचे ढीग, म्हणून तिने इथे जागा मागितली होती. सूसी सोसायटीत नाही, तिच्या शेतात फवारणी होते. दोन वाळवणांच्या मधे लीलाम्माने काथ्याची दोरी बांधली होती आणि दोरीवर एक लाल चिंधी.

"ही दोरी माझी भिंत आहे," लीलाम्माने सांगितलं. "पलीकडची मिरी अलीकडे नाही. पलीकडची चप्पलसुद्धा अलीकडे नाही. माझं शेत सोसायटीत यायला तीन वर्षं थांबावं लागलं. हे पहिलं पीक. परवा सोसायटीचा माणूस न्यायला येणार."

मी सगळ्यांना मराठीत सांगितलं. वन्सं तेव्हा स्वयंपाकघरात मीठ घातलेल्या गरम पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या. रात्री सांगू म्हणून मनात ठेवलं, आणि रात्री जेवणाच्या गडबडीत ते राहिलंच.

कारण जेवण हाच मोठा कार्यक्रम झाला. लीलाम्माने उकडलेला एक पांढरा कंद, हिरव्या मिरचीची चटणी आणि माशाचं कालवण वाढलं. वन्संनी विचारलं हे काय. मी सांगितलं, याच कंदाचा आपला साबुदाणा करतात. वन्संनी ताटाकडे संशयाने बघितलं. "म्हंजे ह्यी लोकं रोज उपासाचं खात्यात? आन् वर मासं?" मग त्यांनी पिशवीतून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी काढली. लीलाम्माने चटणी चाखली, डोळे मिटले, आणि पुन्हा हात पुढे केला. तिथून त्या दोघींचं जमलं. भाषा एक नाही. वन्सं मराठीत बोलायच्या, ती मल्याळममध्ये, आणि दोघी मान हलवायच्या. एकदा बघते तर दोघी दिव्याखाली आपापले तळहात एकमेकींना दाखवत होत्या, कुठला घट्टा कशाने पडला ते.

नदीवर न गेलेली माणसं

दुसऱ्या दिवशी बाकीचे बांबूच्या तराफ्यावरून नदीत जाणार होते. लीलाम्मा त्यांचं जेवण घेऊन काठावर जाणार होती. घरी राहिलो आम्ही तिघं: मुरगळलेल्या पायाच्या वन्सं, हत्तीला घाबरलेले अंबादासराव आणि वन्संना सोडून जायचं नाही म्हणून मी. जाताना लीलाम्मा मला म्हणाली, "चुलीवर भात आहे, बघ. मिरीची काळजी नको. ढग आले तर सूसी येईल, तिला माहीत आहे."

तिथला तांबडा जाडा तांदूळ शिजायला आपल्या तांदळाच्या तिप्पट वेळ घेतो. मी मागच्या स्वयंपाकघरात त्याच्याशी झटत होते. वर पत्रा. दुपारी एकदम अंधारलं, आणि मी खिडकीतून बघेपर्यंत पत्र्यावर थेंब वाजू लागले. क्षणात एवढा आवाज झाला की मला माझा खोकला ऐकू येईना. चूल विझू नये म्हणून मी मागचं लाकडी दार ओढून घेतलं, भात उतरवला आणि पुढे धावले.

अंगण रिकामं होतं. चटया उभ्या करून भिंतीला टेकवलेल्या, ताडपत्री गुंडाळलेली. ओसरीवर दोन गच्च भरलेली पोती, त्यांच्या तोंडाशी वन्सं, पदर खोचलेला, केसांतून पाणी गळतंय, आणि चेहरा असा की मी तो त्यांच्या लग्नाच्या फोटोतही पाहिला नव्हता.

"येक दाना भिजू दिला न्हाई वैनी," त्या म्हणाल्या. "थेंब पडायच्या आत उचललं. आवं, म्या आयुष्यभर कुरड्या उचलल्या, खळ्यावरची ज्वारी उचलली. ढग कसा येतोय त्ये मला वासानं कळतं."

"मावशी पाय मुरगळलाय हे विसरून पळाल्या," अंबादासराव धापा टाकत म्हणाले. "मी फक्त पोतं धरलं. ह्या चटईवरनं त्या ताडपत्रीवर, तिथनं परत इकडं. काय स्पीड. माझ्या कारखान्यात घेतो म्हणालो."

मी आळीपाळीने दोन्ही पोत्यांकडे बघितलं.

"यांतलं लीलाम्माचं पोतं कुठलं?" मी विचारलं.

"दोनी बी तिचीच की."

"मधे दोरी होती वन्सं. लाल चिंधीची."

"त्यी व्हय? पायात येत हुती. सोडून टाकली."

दोरी पायरीखाली पडली होती. पाण्याच्या लोटात तिची चिंधी हलत होती.

मी सांगितलं. एकेक वाक्य तोलून सांगितलं, तरी सांगून झाल्यावर ते एवढंसंच होतं: फवारलेली आणि न फवारलेली मिरी एक झाली. अंबादासरावांना कालचं माझं भाषांतर आठवलं असावं. ते मटकन पोत्यावर बसले, मग पोतं कुणाचं हे आठवून उठले.

"लॉट मिक्स झाला," ते म्हणाले. आवाज एकदम कारखान्याचा. "टीचर, हे मला सांगू नका, माहीत आहे. पांढऱ्यात पांढऱ्याचे दोन रंग असतात. एका गठ्ठ्यात दुसऱ्या लॉटचे चार टॉवेल गेले तर बाहेरचं गिऱ्हाईक अख्खा माल परत करतं."

पाऊस पडतच होता. खाली नदीकडून काही दिसत नव्हतं. पल्लवीला फोन लावला, लागला नाही. अंबादासराव ओसरीच्या टोकाला जाऊन उतारावर बघून आले. त्यांच्या मिसेस त्या पाण्यावर होत्या. परत आले तेव्हा ते हळू बोलत होते.

"एक सांगू? कुणी बघितलं? आपण तिघं. सूसी आलीच नाही. पाऊस थांबला की चटया घालू, निम्मी इकडं, निम्मी तिकडं, दोरी बांधू. मिरी ती मिरी. त्या बाईला कशाला त्रास?"

मला ते वाईट माणूस वाटले नाहीत, हेही लिहून ठेवते. मलाही क्षणभर ते सोपं वाटलं. पण मी वाचून आले होते. "सोसायटी मिरी तपासायला पाठवते," मी म्हटलं. "फवारलेल्या औषधाचा अंश निघाला, तर ती म्हणणार, लीलाम्माने बाजारातली मिरी आपली म्हणून खपवली. तिला काढून टाकतील. शेतच जाईल सोसायटीतून."

"निघाला तर. नाही निघाला तर?"

"आणि आता सांगितलं, तर हे पीक तर गेलंच."

"तेच म्हणतो मी."

वन्सं भिंतीला टेकून बसल्या होत्या, सुजलेला पाय पुढे. "म्हंजे म्या तिचं वाळवान वाचवलं न्हाई," त्या म्हणाल्या. "बुडवलं."

मी त्यांच्या खांद्यावर टॉवेल टाकला.

तेवढ्यात लीलाम्मा आली. छत्री उलटी झालेली, चप्पल हातात, चिखलाने पोटरीपर्यंत माखलेली, उतार धावत चढून आलेली. तराफा वेळेत काठाला लागला होता आणि सगळे एका शेडखाली होते, हे नंतर कळलं. ती आली होती मिरीसाठी. तिने रिकामं अंगण बघितलं आणि दोन्ही हात डोक्यावर नेले. मग तिला ओसरीवरची पोती दिसली. ती वर आली, पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, आणि कोरडा हात बाहेर काढून तशीच वन्संच्या गळ्यात पडली. "अम्मा, अम्मा," एवढंच म्हणत होती. वन्संचे हात खाली लोंबत होते. त्यांनी ते उचललेच नाहीत.

मग लीलाम्मा डोळे पुसून, हसत, सहज माझ्याकडे वळली. "यातलं माझं कुठलं?"

माझी इंग्रजी वाक्यं तयार होती. आधी पावसाचं, मग वन्संच्या चांगल्या हेतूचं, मग हळूच बाकीचं. मी पहिलं वाक्य सुरू केलं. अंबादासराव जमिनीकडे बघत होते. आणि वन्सं भिंत धरून उठल्या.

त्यांनी खांद्यावरचा टॉवेल ओसरीवर अंथरला. एका पोत्यातली मूठभर मिरी घेऊन टॉवेलवर एका बाजूला ठेवली. दुसऱ्यातली मूठभर दुसऱ्या बाजूला. लीलाम्मा बघत होती. वन्संनी दोन्ही ढीग तळहाताने एकत्र केले, पुन्हा पुन्हा फिरवले, कुठली कुठली ते राहिलं नाही असे. मग दोन्ही पोत्यांकडे बोट केलं. आणि तो तळहात आपल्या छातीवर ठेवला. "म्या," त्या म्हणाल्या.

लीलाम्माला भाषांतर लागलं नाही.

ती टॉवेलपाशी बसली. चार दाणे उचलून वास घेतला, उगाच, वासाने काय कळणार. आपल्याकडे माणूस चिडला की बोलतो आणि बोलून मोकळा होतो. ती उठली. आत गेली, भाताचं झाकण काढून बघितलं, पुन्हा लावलं. तो झाकणाचा आवाज मला हत्तीपेक्षा जास्त लागला.

मग सूसी आली, बाळाला दवाखान्यात नेलं होतं म्हणून उशीर झाला म्हणत. दोघी अंगणात उभ्या राहून बोलू लागल्या, आवाज चढत गेले. मल्याळमचं एक अक्षर आम्हाला कळत नव्हतं. आमच्याबद्दल चाललंय एवढं कळत होतं, आणि तेवढं पुरे होतं.

दुसऱ्या सकाळी

सोसायटीचा माणूस मोटरसायकलवर आला. तो गाडीवरून उतरायच्या आधीच लीलाम्माने त्याला सांगून टाकलं. उभ्याउभ्या, हात साडीच्या पदरात गुंडाळून. आम्ही सगळे ओसरीवर, पल्लवीसुद्धा. ती रात्रभर रडली होती, कारण या घरी तिला पुन्हा पाहुणे आणता येतील की नाही हे आता त्या माणसाच्या हातात होतं.

त्याने पोती बघितली, चटया बघितल्या, दोरी बघितली. मग इंग्रजीत विचारलं, दोरी कुणी सोडली. मी वन्संना सांगितलं.

"म्या सोडली म्हनावं. तिचा काय बी दोष न्हाई. आन् ह्यास्नी बी इचारा म्हनावं, काल तिनं तोंडातनं वाकडा सबुद काढला का. न्हाई काढला. काढायला पायजे हुता."

मी जसंच्या तसं इंग्रजीत केलं. तो माणूस काही हसला नाही. म्हणाला, ही मिरी सोसायटीत येणार नाही, साध्या बाजारात जाईल. वेलांवर अजून निम्मं पीक आहे. ते तोडून धुतलेल्या चटयांवर वेगळं वाळवा. पण ते घ्यायचं की नाही, की शेताची पुन्हा तीन वर्षं मोजायची, हे मी ठरवू शकत नाही. वरून कळेल.

"कधी?" लीलाम्माने विचारलं.

त्याने खांदे उडवले आणि गाडीला किक मारली.

त्या दिवशी आमच्या कार्यक्रमात तारेवरून दरी ओलांडायची होती. कमरेला पट्टा बांधून लोंबकळत जायचं, तुमच्या पिढीचं आवडतं काम. वन्सं म्हणाल्या, "म्या कुटं जात न्हाई. वेलाचं काय त्ये करू लागते." मी राहिले. मग अंबादासरावही राहिले, आणि त्यांच्या मिसेस म्हणाल्या, "काल तरी कुठं आला होता?" आणि बाकीच्यांबरोबर गेल्या.

आम्ही चटया विहिरीवर नेऊन घासल्या. अंगण धुतलं. सूसीने आपली ताडपत्री उचलून घरी नेली आणि खडीच्या ढिगावर पसरली. वन्सं पायरीवर बसून घोसांतले दाणे सोडवत होत्या. पहिला घोस त्यांनी हातात धरून फिरवून फिरवून बघितला. हे बघायला त्या आल्या होत्या.

अंबादासराव एकटे काही न करता उभे होते. मग त्यांनी टॉवेल कमरेला बांधला आणि त्या एका बांबूवर चढायला लागले. चार खुंट चढले. पाचव्यावर त्यांनी खाली बघितलं आणि बांबूला मिठी मारली. ना वर, ना खाली. मी खालून सूचना देत होते, त्या त्यांना पोचत नव्हत्या.

"अंबादासराव," वन्सं पायरीवरून म्हणाल्या, "मशीन बंद पडली का?"

लीलाम्मा कालपासून पहिल्यांदा हसली. काय म्हटलं ते तिला कळलं नव्हतं. बांबूवरचा माणूस दिसत होता. ती अनवाणी त्याच बांबूवर चढली, त्यांचा एकेक पाय धरून एकेक खुंटावर ठेवत त्यांना खाली आणलं, आणि त्यांच्या पाठीवर थोपटलं.

संध्याकाळी नवी मिरी चटईवर पडली, हिरवीगार. दुसऱ्या बाजूला आता काहीच नव्हतं, तरी वन्संनी दोरी मागितली. जुनी चिंधी वाहून गेली होती. अंबादासरावांनी टॉवेलची लाल किनार फाडून दिली. वन्संनी ती स्वतःच्या हाताने बांधली, ओढून बघितली, पुन्हा एक गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो तेव्हा वरून काही कळलं नव्हतं. लीलाम्मा फाटकापर्यंत आली. वन्संनी उरलेली सगळी शेंगाची चटणी तिच्या हातात दिली. बस वळेपर्यंत दोघींपैकी कुणी हात हलवला नाही.

सोलापूर

परत आल्यावर वन्सं आमच्याकडेच राहिल्या. पाय दुखतोय म्हणाल्या. पाय बरा झाला होता, मला दिसत होतं. होटगीला त्यांच्याकडे माझ्यासारखा फोन नाही, आणि निरोप माझ्या फोनवर येणार होता. रोज सकाळी चहाच्या आधी विचारायच्या, "आला?" मी नाही म्हणायचे. मग दिवसभर त्या कशातच लक्ष घालायच्या नाहीत. तुमचा फोन आला तो याच दिवसांत.

एकदा दुपारी आला. लीलाम्माने लिहिलं होतं, उरलेलं पीक सोसायटीने घेतलं. शेत आहे तिथेच राहिलं. तिने स्वतःहून आधी सांगितलं म्हणून. मिसळलेली दोन्ही पोती तिने आणि सूसीने निम्मी निम्मी करून बाजारात दिली, पडेल भावात. नुकसानीबद्दल तिने एवढी एकच ओळ लिहिली होती, आणि ती ओळ मी वन्संना वाचून दाखवली, कारण गाळली असती तरी त्यांनी विचारलंच असतं. त्यांनी ती दोनदा वाचून घेतली. मग उठल्या, पिशवी भरली आणि म्हणाल्या, "होटगीची गाडी किती वाजता हाय?"

गेल्या आठवड्यात लीलाम्माचं पार्सल आलं. आत दोन पुड्या. एकीवर सोसायटीचा शिक्का, दुसरी वर्तमानपत्रात गुंडाळलेली, कोरी. कोरी कुठली ते तुम्ही ओळखलंच असेल. मी दोन्ही कुटून पाहिल्या. मला चवीत फरक कळला नाही, आजोबांनाही नाही. वन्संना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "चवीला काय, येकच असनार की. पन कुनी इचारलं तर सांगता आलं पायजे."

दोन्ही पुड्यांतली थोडी थोडी तुम्हाला पाठवते आहे. कोऱ्या पुडीला त्याच टॉवेलच्या उरलेल्या लाल किनारीची चिंधी बांधली आहे, ती वन्संनी होटगीहून मुद्दाम धाडली. फोडल्यावर दोन्ही एका डब्यात घालू नका, एवढंच त्यांनी सांगितलंय.